केवळाबाईचं विरजण

औशाजवळच्या त्या गावात निम्म्या गल्लीचं दही केवळाबाईच्या विरजणावर लागायचं. पण कायदा कडक! दिवे लागले की विरजण देणं बंद. त्या वाटीत बसून लक्ष्मीच निघून जाते म्हणे. एकदा शेजारच्या दानम्माकडं पाहुणे जेवायला यायचे होते, तरी तिला रिकाम्या वाटीनं परत धाडलेलं.

तर झालं असं, केवळाबाईचे मालक अण्णाराव यांच्या आतड्यातला कॅन्सर लातूरला ऑपरेशन करून काढला, मग सलाईनमधून औषध सुरू झालं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या तसे डॉक्टर म्हणाले, "सध्या दही बंद. त्यात जिवंत जंतू असतात."

"माझ्या दह्यात जंतू?" केवळाबाई उसळली. "गाडगं चुलीवर तापवून घेते मी!"

"चांगले जंतू हो, मावशी. कॅन्सरच्या औषधाला त्यांची मदत होते का, यावर शोध चालू आहे. अजून पक्कं काही नाही. आणि आत्ता तर काकांना तेही सोसायचे नाहीत."

चांगले म्हणता आणि बंद करता? रागानं तिनं घरात दही लावणंच सोडलं. अण्णाराव कोरड्या भाकरीकडं बघून उसासे टाकत.

शेवटच्या सलाईनच्या आदल्या दिवशी तपासणी झाली. पेशी वाढल्या होत्या, डॉक्टरांनी वाटीभर दही खायची मुभा दिली. संध्याकाळी घरी पोचताच अण्णाराव खाटेवर अडून बसले.

"सकाळी दही खाऊनच निघंन. न्हाईतर सलाईन त्या डॉक्टरालाच लावा!"

आता केवळाबाईच्या विरजणाचं दही उरलं होतं ते दानम्माकडं. आणि गावभर दिवे लागलेले.

केवळाबाई पदराखाली वाटी लपवून दारात उभी राहिली.

"या बाई," दानम्मा गोड हसली. "पण दिवे लागल्यावर विरजण द्यायचं न्हाई, असं गल्लीतली एक मोठी शहाणी सांगून गेलीय."

"आगं, त्यांचं सलाईन अडलंय!"

दानम्मा देवघराकडं वळली. "मी तर बाई दिवा लावतेय. तवर मांजर सैपाकघरात शिरलं, तर मला काय ठाव?"

केवळाबाई आत शिरली. भांडं वाजलं.

"कोण हाय गं?"

साठीतली केवळाबाई म्हणाली, "म्याँव."

सकाळी अण्णारावांनी वाटी बोटानं चाटूनपुसून लख्ख केली.

"दही दानम्माचं दिसतंय."

"जंतू माझेच हायत!" केवळाबाई कडाडली. "चला, बसा जीपमधी."

अण्णाराव बोट चाटत जीपमध्ये बसले.