लवूआबांनी टाकलेली पानं

लांज्याजवळच्या आमच्या गावात लवूआबा दुपारचे गिरणीच्या पडवीत तीन पत्ती खेळतात. डाव काजूच्या बियांवर. उमेदीच्या वयात ते मुंबईत खानावळीत वाढपी होते. कुणाला भात हवाय आणि मागायला लाजतोय, हे त्यांना तोंडावरून कळायचं. समोरच्याच्या हातातली पानंही ते तशीच ओळखतात.

वाडीच्या विहिरीच्या वरच्या अंगाला जांभ्याची चिरेखाण येणार होती. ग्रामसभा उद्यावर आलेली, हात वर करून निकाल. खाण आली की वाडीचं पाणी गेलं, हे सांगत मी घरोघर फिरले होते. त्यात कानावर आलं, आमच्या बाजूचा खुर्शीदभाई फुटला. मी तरातरा पडवीत गेले.

"खुर्शीदभाई, उद्या हात कुणासाठी वर होणार?"

"डाव चाललाय. गप बस गो बाय," लवूआबा म्हणाले. "तुझी पानं पार हायवेवरनं दिसतात."

डावातला तिसरा गडी सखाराम फिदीफिदी हसला. मी दातओठ खात बसले.

खुर्शीदभाई एरवी पानं न बघताच बिया लोटणारा. आज त्याने पानं उचलली, बघितली, परत बघितली आणि मूठभर बिया धाडकन पुढे सारल्या. सखारामने पानं टाकली. लवूआबा खुर्शीदभाईकडे बघत राहिले, मग त्यांनीही टाकली.

"घे, तुझा डाव. हमझाचं काय रे?"

बिया ओढता ओढता खुर्शीदभाईचा हात थांबला. "खाणवाला ट्रकवर घेतो म्हणतोय त्याला. लायसन काढून पोरगा घरी बसलाय, आबा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "मला का नाही सांगितलंत?"

"तू बोलायला देतेस कुणाला?"

"बरं. लांज्याला काजूच्या कारखान्यात टेम्पोवर माणूस हवाय. शब्द टाकते. मिळेलच असं नाही, पण टाकते."

तो मान हलवून गेला. मी लवूआबांची पानं उलटली. तीन राजे!

"आबा, डोकं फिरलंय तुमचं?"

"त्याच्याकडे काय नव्हतं गो. हरला असता तर उठून गेला असता. मग बोलला असता कोण?"

सभेत खुर्शीदभाईने खाणीविरुद्ध हात वर केला, शेजारी हमझानेही. तेवढ्या दोन हातांवर खाणीचा ठराव पडला. हमझाचं काम पुढे दिवाळीला झालं.

यंदा मे महिन्यातही विहिरीला पाणी होतं. एक कळशी मी लवूआबांच्या दारात नेऊन ठेवली.

"एवढं जड कशाला आणलंस?" ते म्हणाले. "बस, पानं वाटतो."