मुंग्यांनंतर माणसं

देवाशी भांडण्याची माझी खोड जुनी आहे. आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या कचेरीची कारकुनी. त्यामुळे देवापुढेही आम्ही अर्ज घेऊन आल्यासारखे उभे राहतो आणि उत्तर आलं नाही की चिडतो. मी उमरखेडहून बसने एका बंजारा तांड्यावरच्या शाळेत शिकवायला जाते. दिवाळी झाली की ऊसतोडीचे ट्रक येतात, आईबापांबरोबर मुलंही जातात आणि वर्ग ओस पडतो. परत येतात तेव्हा बरंचसं विसरलेली असतात. देवा, मी इथे नेमकं काय करते आहे, असं मी दरवर्षी विचारायची.

यंदा प्रश्न पल्लवीचा होता. सातवीतली ही पोर गणित असं सोडवते की मलाच पुन्हा फळ्याकडे पाहावं लागतं. तीही निघाली होती. तिच्या मोठ्या बहिणीची शाळा अशीच सुटली ती कायमची, म्हणून माझा जीव तुटत होता. माझ्या घरी ठेवते, असंही मी तिच्या वडिलांना विनवलं. ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर भरोसा हाये, पन पोरगी तांड्याभाईर नाई ठेवत आमी. आन इथं तिले पाहीन कोन?"

निघायच्या सकाळी तांड्याच्या देवळापुढे भोग होता. निखाऱ्यांवर तूप-गूळ पडला आणि सगळे हात जोडून उभे राहिले. त्यांची प्रार्थना मुंग्या-किड्यांपासून सुरू होते. आधी त्यांचं भलं, मग गाईगुरांचं, झाडांचं, आणि मग कुठे माणसांचा नंबर. ते ऐकता ऐकता माझं भांडण विरघळलं. भरल्या डोळ्यांनी एवढंच म्हटलं, मी हरले, आता तूच बघ.

शेजारी याडी उभी होती. याडी म्हणजे आई. एकट्या राहणाऱ्या त्या म्हातारीला सगळा तांडा याच नावाने हाक मारतो. माझ्याशी ती कधी धड बोललेली नव्हती. तिच्या लेखी मी 'बसवाली मॅडम', आज आहे तर उद्या नाही. भोग संपला तशी ती पल्लवीच्या वडिलांना म्हणाली, "पोरगी माह्यापाशी राहीन. भाकर मी टाकीन. शिकवनं मले येत नाई, ते मॅडम पाहीन." मग माझ्याकडे वळली, "आन तू रडून काहून राह्यली? जाय, शाळा उघड."

याडीपुढे बोलायची कोणाची छाती नाही. वडिलांनी मान हलवली आणि पल्लवीने ट्रकमध्ये चढवलेलं आपलं दप्तर खाली ओढलं.

हा चमत्कार होता का, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी बसमधून उतरले, तर याडी शाळेच्या पायरीवर बसून पल्लवीच्या केसांना तेल लावत होती. मागे आणखी काही पोरं उभी. याडीचं ऐकून त्यांच्याही आयांनी धान्याच्या पिशवीसकट आपली लेकरं तिच्या चुलीपाशी सोडली होती. मी तर एकच मागितली होती.

आता आमची शाळा मुंग्यांच्या भल्यापासून भरते. माणसांचा नंबर आला की मी काही मागत नाही, नुसते हात जोडते. तेवढ्यात पोरांना सोडायला आलेल्या याडीचा आवाज मागून येतोच, "देवा, ह्या बसवाल्या मॅडमचं बी भलं कर."