मेडिकल आधी की किराणा

मी इस्लामपुरात अकरावी-बारावीला गणित शिकवतो. मराठीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांचे तास वाटायची वेळ आली. वेळापत्रक मीच बनवतो. कोणाचा तास कधी रिकामा आहे ते प्रामाणिकपणे मांडलं, तर कविता माझ्याच वाट्याला आली. बायको म्हणाली, "बरं झालं. आता भाजी आणायला सांगितली तर किती ग्रॅम म्हणून विचारणार नाही."

पहिलीच कविता छोट्या गावावर होती. दुपारी सगळं गाव पेंगतं, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, असं तिच्यात होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे गाव कुठलं? आपल्याकडं सीझनला दुपारी झोपतंय कोण? उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात्यात की."

हरकत रास्त होती. मी म्हणालो, मग खरं गाव तुम्ही लिहून आणा.

आणलं. बहुतेकांच्या गावात धुकं होतं आणि झुळझुळ नदी होती. दुष्काळी म्हसवडहून मामाकडे शिकायला आलेल्या एकानेही नदी बारमाही वाहती ठेवली होती. मी समासात लिहिलं, "कोणत्या महिन्यात?"

एका मुलीच्या कवितेत मात्र मला काही खोडावंसं वाटलं नाही. घरातून एसटी स्टँडपर्यंत चालत जाताना तिला जो तो विचारतो, "कुठं चाललीस?" आधी मेडिकलवाला, मग चौकातला किराणा दुकानदार, मग रसवंतीवाली मावशी. ती गाडीत चढते तोवर तिला खिडकीची जागा मिळाल्याचंसुद्धा घरी कळलेलं असतं.

सांगलीत मुलांच्या स्वतःच्या कवितांची स्पर्धा होती. मी तिचं नाव पाठवलं. परतायला अंधार पडणार, त्यामुळे वडिलांची परवानगी हवी होती. विचारायला ती चांगली वेळ बघत होती. तेवढ्यात मी कौतुकाने कविता भित्तिपत्रकावर लावली, खाली 'सांगलीच्या स्पर्धेसाठी निवड' असंही लिहिलं. मधल्या सुट्टीत कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि पुढचा तास सुटायच्या आत कविता चौकात पोचली.

मुलगी रडवेली होऊन आली. "सर, किराणावाले काका म्हणजे पप्पांचे लय जुने दोस्त. ते चिडले तर पप्पा मला सांगलीला सोडायचे न्हाईत."

"किराणाच्या जागी कापड दुकान करू या का?"

"मग कापडवाले काका येतील, सर."

आम्ही हे बोलतोय तोवर किराणावालेच स्टाफरूममध्ये हजर झाले. टोपी काढून टेबलावर ठेवली. चहा नको म्हणाले. मुलगी कपाटाला चिकटून उभी राहिली.

"सर, तुमी गणित शिकवता न्हवं? मग हे चुकलंच कसं?"

"काय चुकलं?"

"आवं, मेडिकलवाला माझ्या आधी कसा? त्यो कालपरवा आलाय. मी हिच्या आत्यांनाबी विचारत हुतो. पहिला मी पायजे."

खरं म्हणजे क्रम मी स्वतः तपासला होता. तिच्या गल्लीतून येताना मेडिकलच आधी लागतं. पण इथे मुलीची सांगली अडली होती. मी म्हणालो, "दोन ओळी वरखाली केल्या तर फारसं बिघडत नाही."

"बिघडतंय, सर," कपाटाकडून आवाज आला. "काका, तुम्हांला मी चौकात आल्यावर दिसते. मेडिकल त्याच्या अलीकडं हाय. तुम्हांला आधी घातलं तर ते खोटं हुईल."

मी टेबलावरचे खडू नीट लावायला घेतले.

दुकानदारांनी तिच्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. "बापावर गेलीया. त्योबी मिलिट्रीत सायबाला असाच उलटा बोलायचा." आणि त्यांनी तिच्या वडिलांना फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

"पोरीची कविता कळली का?"

"तिघांनी वाचून दावली."

"सांगलीला वाचायची हाय. यायला अंधार हुतोय. म्हटलं, तुझ्या कानावर घालावं."

मग वडील म्हणाले, "सगळं गाव हाय तिच्यात. बाप कुठं हाय?"

मुलीने फोनवर वाकून सांगितलं, "पप्पा, तुमी कधी विचारतच न्हाई. मग कसं घालू?"

"विचारायला सवड देत्यात व्हय लोक? आधीच येऊन सांगत्यात."

दुकानदार खिडकीबाहेर बघू लागले.

"मग जाऊ का सांगलीला?"

"जा. पर पोचलीस की तूच कळवायचं. दुसऱ्या कुणाकडनं मला कळता कामा न्हाई."

दुकानदार लगबगीने उठले. त्यांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं. जाताना मेडिकलवाल्याला निदान एका ओळीत आटपा म्हणाले. मुलीने मान डोलावली, ओळी मात्र तशाच ठेवल्या.

स्पर्धेच्या दिवशी आमची एसटी सांगलीच्या पुलावर आली. स्टँड अजून लांब होतं, तरी तिने फोन लावला. "पप्पा, पोचले न्हाई अजून. पर सांगून ठेवते."