बाबांची कवळी आणि काळी पाच

बाबांनी अकोल्यात लग्नाच्या बँडमध्ये अख्खी हयात क्लॅरिनेट वाजवलं, पण माझ्याच लग्नात त्यांना ते वाजवता आलं नाही. मुलीचा बाप पाहुण्यांपुढे हात जोडून उभा राहील की वाजवील? वाजवलं दुसऱ्याने, आणि बाबा जिलेबी वाढता वाढता त्याच्या चुका काढत राहिले. नातीच्या लग्नात आपणच वाजवायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. आता माझ्या मुलीचं लग्न दर्यापूरला ठरलं आणि नेमके बाबांचे दात गेले.

क्लॅरिनेट दातांवर वाजतं. खालच्या ओठावर वाद्याच्या तोंडाची पत्ती टेकवायची आणि वरचे दात वरून घट्ट रोवायचे. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली, तेव्हा बाबांनी पिशवीतून क्लॅरिनेट काढून खुर्चीतच फुंकून पाहिलं. जी किंकाळी निघाली ती ऐकून बाहेर नंबर लावून बसलेले दोघं घरी निघून गेले. कवळी क्लॅरिनेटला चिकटून बाहेर आली होती.

"जरा हलकं वाद्य नाही का मिळत?" बाईंनी विचारलं. मी लगेच फोनवरून सगळ्यात छोटं क्लॅरिनेट मागवलं. आलेला खोका उघडून बाबा माझ्याकडे बघतच राहिले.

"हे ई-फ्लॅट होय. याचा सा पेटीच्या काळी दोनवर, अन् आपला बँड चालते काळी पाचवर, बी-फ्लॅटवर. अन् जेवढं लहान, तेवढं तोंड जास्त आवळावं लागते. तू मले वाजवाले देऊन राहिली का मारून राहिली?"

"मग मोठं घेऊ?"

"मोठं म्हनजे ए. आपल्याहून बोटभर लांब, पांढरी सहाचं. ते मोठ्या वाद्यवृंदात चालते. त्याच्याहून मोठं बास. त्याची मान वाकडी, खालचं तोंड वर वळलेलं. ते घेऊन मी नवरीपुढं चाललो तं लोकं म्हनतीन, म्हातारा नळ दुरुस्त कराले आला."

फुंकलेलं वाद्य कंपनी परत घेईना. ते अजून आमच्या टीव्हीमागे आहे.

बाबा पुन्हा जुन्या बी-फ्लॅटकडे वळले. चिकटवायची पेस्ट लावली तेव्हा सूर लागला, पण मग जेवणापर्यंत कवळीच निघेना, तेव्हा बाबांनी ती पेस्टच फेकून दिली. कवळी काढून, दोन्ही ओठ आत दुमडून वाजवलं तर सूर गोड यायचा, फक्त मऊ. "मांडवात कोनाले ऐकू येईन हे?" ते म्हणायचे. खरं म्हणजे व्याह्यांपुढे बोळकं उघडायची त्यांना लाज वाटत होती. मला ते कळायचं आणि त्यांचा रागही यायचा.

लग्नाच्या दिवशी नवरी मांडवाच्या तोंडाशी आली. बाबांनी कवळी घालून क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि दवाखान्यातली तीच किंकाळी निघाली. बँडवाले खाली बघू लागले. मला तर रडूच आलं. नवरी मात्र थांबली. "वाजवा ना आबा," ती म्हणाली, "मी उभी हाय."

बाबांनी एकदा व्याह्यांकडे पाहिलं. मग सगळ्यांदेखत कवळी काढली, इकडेतिकडे जागा शोधली आणि शेवटी माझ्या हातात दिली. "धर," म्हणाले. ढोलवाल्याने हात थांबवला. काळी पाचचा सा लागला, मऊ, जरासा थरथरता, आणि माझी मुलगी त्या सुरामागून हळूहळू मांडवात गेली.

व्याह्यांकडचे पाहुणे येतच होते. मुलीची आई म्हणून मी दारात हात जोडून सगळ्यांचं स्वागत करत उभी होते, आणि जोडलेल्या तळव्यांमध्ये बाबांचे दात होते.