दोन रिंगा

माझी आई गंगापूरला एकटी राहते आणि रोज सकाळी मला मिस कॉल देते. दोन रिंगा वाजल्या की कट. तो आला की मी समजायचं, आई उठली, पाणी भरलं, चहा झाला, तब्येत बरी आहे. मग मी उलट दोन रिंगा द्यायच्या, म्हणजे पोरगीही बरी आहे हे तिला कळतं. आता पॅकमध्ये सगळे कॉल फुकट असतात, बोललं तरी काही जात नाही, हे तिला सांगून सांगून मी थकले. तिचं आपलं एकच, रोज रोज बोलायला काय असतंय, जिती आहे एवढं कळलं म्हणजे झालं. बाबा गेल्यावर मी तिला संभाजीनगरला चल म्हणून किती विनवलं. तर म्हणे, तुमच्या तिथं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय, मी काय बादल्यांची राखण करत बसू? पाणी खरंच येत नाही.

तिला बीपी आहे. मागच्या उन्हाळ्यात ती न्हाणीत पाय घसरून पडली आणि ते तिनं मला कितीतरी दिवस कळूच दिलं नाही. कळलं तेव्हा मी तिच्यावर इतकी ओरडले की शेवटी मलाच रडू आलं. तेव्हापासून त्या दोन रिंगा होईपर्यंत माझा चहा घशाखाली उतरत नाही. शिवाय ती बाहेर जाताना कुलूप लावायचं विसरायची, म्हणून मी दाराला लॅच बसवून घेतलं. दार ओढलं की बंद. एक चावी तिच्या बटव्यात, दुसरी माझ्या पर्समध्ये.

मी एका मोठ्या दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात आहे. कोणत्या पेशंटला कोणतं औषध चालत नाही, कुणाचा रक्तगट काय, कुणाचं ऑपरेशन कधी, हे सगळं तेव्हा एकाच म्हाताऱ्या सर्व्हरवर होतं. तो मधेच दम टाकायचा आणि वर काउंटरवर बोंबाबोंब व्हायची. म्हणून दोन नवे सर्व्हर आले आणि दोघांत मिळून डिस्कांची एक पेटी. एक सर्व्हर मेला तर दुसऱ्यानं त्याच डिस्कांवरून काम पुढं चालवायचं. मशीन दोन, माल एकच. त्या डिस्कांचे कप्पे पाडायचं काम माझ्याकडं आलं. आमच्यात त्याला व्हॉल्यूम म्हणतात. एक मोठा कप्पा पेशंटच्या माहितीचा, एक रोजच्या उलाढालीचा, आणि एक अगदी छोटा, त्याचं पुढं सांगते.

या कामाची मला भीती वाटायची, अगदी खरी, पोटातली. एक तर तीच डिस्क पहिल्या मशीनला एका नावानं दिसते आणि दुसऱ्याला भलत्याच. कप्पा पाडताना मशीन एकदाच विचारतं, नक्की का? हो म्हटलं की आत जे काही असेल ते साफ. आवाज होत नाही, धूर निघत नाही, काही नाही. मी प्रत्येक वेळी डिस्कचा नंबर बोटानं स्क्रीनवर धरून मोठ्यानं वाचायचे, मग एंटर दाबायचे. माझे वरिष्ठ, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, ते हसायचे. हसा म्हणावं. चूक झाली तर ज्याला चालत नाही त्याच्याच नावावर पेनिसिलिन चढेल, मग कोण हसतंय बघू.

आणि सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. दोन्ही मशीननी एकाच वेळी त्या मोठ्या कप्प्यात लिहायचं नाही, कधीच नाही. लिहिलं तर एकाचं दुसऱ्यावर चढतं आणि कुणाचंच धड राहत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये एक केबल असते. तिच्यावरून ती सारखी एकमेकांना कळवत राहतात, मी आहे, मी आहे. हा आवाज थांबला की दुसऱ्यानं समजायचं, गेला बिचारा, आता काम माझ्याकडं.

तो रविवार होता. ओपीडी बंद, वर काउंटरवर कागदाच्या चिठ्ठ्यांवर काम चालू. सर आणि मी भल्या सकाळीच तळघरात उतरलो. सर्व्हरची खोली एक्स-रेच्या शेजारी आहे. भिंती एवढ्या जाड की फोनला रेंज मिळत नाही. जुन्या सर्व्हरवरची माहिती नव्या कप्प्यात उतरवून झाली होती. दुपारी खरा बदल करायचा, त्याआधी एक चाचणी. सर म्हणाले, मधली केबल काढून बघू.

मी केबल काढली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग दुसऱ्या मशीननं जाहीर केलं की पहिलं मशीन मेलं आहे, आणि मोठा कप्पा ताब्यात घेतला. पहिलं मशीन कुठं मेलं होतं? ते माझ्या डोळ्यांसमोर धडधडीत चालू होतं, त्याच कप्प्यात लिहीत होतं. दोन्ही स्क्रीनवर एकच दिसत होतं, मालक मी. हात कळफलकावर होते, पण बोटं हलेनात. सरांनी वाकून पहिल्या मशीनची वायरच उपटली.

कप्पा तपासला तर आतली माहिती नासली होती. मूळ जुन्या सर्व्हरवर धड होतं म्हणून वाचलो. सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आवाज आला नाही म्हणजे समोरचा मेला असं नसतं हो. मधली वायरही तुटलेली असू शकते. तिसऱ्याला विचारल्याशिवाय हात घालायचा नाही." तो तिसरा म्हणजेच तो छोटा कप्पा. दोन्ही मशीन त्यात आपापली हजेरी लावतात. केबल गप्प झाली की आधी तिथं बघायचं, दुसऱ्याची हजेरी अजून लागते आहे का. तो आम्ही सगळ्यात शेवटी जोडणार होतो.

पुन्हा कॉपी लावली आणि चहाला वर आले. फोनला रेंज आली, कुणाकुणाचे गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो टणाटण येऊन पडले. आईचा मिस कॉल नव्हता.

एवढ्या उशिरापर्यंत तो आला नाही असं कधीच झालं नव्हतं. मी फोन लावला. दोन रिंगा, चार रिंगा, वाजून वाजून बंद झाला. परत लावला, तेच. ती फोन उचलत नाही असं होत नाही, कारण मी स्वतःहून पूर्ण फोन लावला म्हणजे काहीतरी झालंय असंच ती धरून चालते. माझ्या डोळ्यांसमोर न्हाणीची ओली फरशी आली ती जाईचना. शेजारच्या काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, आज सकाळपासून दिसल्याच नाहीत बघा, थांबा, दार वाजवते. फोनवर मला ते दार वाजवणं ऐकू येत होतं. आधी बोटांनी, मग तळहातानं, मग मुठीनं. आतून काही नाही. आणि चावी माझ्या पर्समध्ये, इथं, या दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये! त्या लॅचला आणि ते बसवणाऱ्या मला, दोघांनाही मी शिव्या घातल्या.

"काकू, दार तोडा," मी म्हटलं.

त्या घाबरल्या. म्हणाल्या, अहो असं कसं, एकदा भावाला तरी विचारा. मला भाऊ नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, पण घाबरल्यावर माणूस काहीही बोलतं. मी आवाज चढवला तेव्हा त्या समोरच्या सुताराला बोलवायला गेल्या. मी सरांना इंटरकॉमवर एवढंच सांगितलं की आई फोन उचलत नाही. ते म्हणाले, निघा, इथलं मी बघतो.

पार्किंगमध्ये स्कूटीला किल्ली लागेना. मी मनातल्या मनात आईशी भांडत होते. तुला म्हटलं होतं ना इथं राहा, पाणी पाणी करत बसलीस, आता बघ. आणि त्याच्याच खाली दुसरं काहीतरी चाललेलं होतं, ते थांबवायचं म्हटलं तरी थांबत नव्हतं. कुणाकुणाला कळवायचं, मामा किती वाजेपर्यंत पोचेल, वगैरे. एवढ्यात काकूंचा फोन आला. दार तोडलं होतं. आत कुणीच नव्हतं. अंथरूण घडी केलेलं, गॅस बंद, चपला जागेवर नाहीत.

मग कुठं गेली? मी स्कूटीच्या सीटवर ओणवी झाले.

फाटकाशी रिक्षा थांबली. आतून आई उतरली. हातात कापडी पिशवी, पदर डोक्यावरून गच्च ओढलेला. ती वॉचमनला काहीतरी विचारत होती आणि तो दवाखान्याच्या इमारतीकडं हात करून दाखवत होता. मी हाक मारली. तिनं वळून बघितलं आणि आहे तिथंच थांबली, पुढं येईना. मीच गेले. तिनं आधी माझं तोंड चाचपलं, मग दंड, मग परत तोंड.

"लई फोन लावले गं, बंद हाय म्हणतंय," ती म्हणाली. "तुझ्या रिंगा बी नाय आल्या."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिनं रोजच्यासारखा फोन लावला होता. तळघरात रेंज नाही, तर तो मला कळणार कसा? मग मी उलट केला नाही. मग तिला जी पहिली जीप मिळाली तिच्यात बसून ती निघाली. फोन पिशवीच्या तळाशी, जीपमध्ये गाणी लावलेली, तिला काय ऐकू येणार? मी याच कामाचा पगार घेते हो! दिवसभर केबल, आवाज, हजेरी करते, आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही.

मी तिला कॅन्टीनमध्ये बसवलं, चहा दिला. दार तोडल्याचं सांगितल्यावर तिचा पारा चढला. नवंकोरं लॅच, आणि आता रात्री घर उघडं राहणार का, म्हणून तिनं मला सगळ्यांसमोर झापलं. मला इतकं बरं वाटत होतं की मी मान खाली घालून ऐकत राहिले. मग खाली जाऊन सरांबरोबर आधी तो छोटा कप्पा जोडला आणि परत केबल काढून बघितली. या वेळी पहिल्याची हजेरी बघून दुसरं मशीन गप्प बसलं.

काकूंनी सुताराकडून दार तात्पुरतं ठोकून घेतलं, आणि संध्याकाळी मी तिला माझ्या घरी आणलं. ती हातपाय धुवायला गेली तेव्हा मी तिची पिशवी उचलून कपाटात ठेवायला लागले. जड लागली म्हणून उघडली. आत टॉवेल होता. स्टीलचा पेला, चमचा, कागदात गुंडाळलेला साबण, आणि माझा कॉलेजच्या दिवसांतला सुती गाऊन, घडी घालून. मी गाऊन हातात घेऊन तिच्याकडं बघितलं.

"भरती केलं असंल म्हणलं," ती तोंड पुसत म्हणाली. "तिथं काय बी मिळत नाय वेळेवर."

स्कूटीपाशी उभी राहून मी मनात कुणाकुणाला कळवायचं ठरवत होते, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती जीपमध्ये बसून माझ्याकडंच येत होती, आणि मला खाऊ घालायला तिनं चमचासुद्धा आणला होता.