दांडी सोडून एक मिनिट

पडदा वाफेचा. तो विरळ झाला की निळ्या फरशीचा हौद दिसतो, कडेला लोखंडी दांडी, आणि जुन्या नाटकात देव उतरायचे तसा साखळ्यांच्या खुर्चीतून पाण्यात उतरणारा आपला नायक: रंगारी. आठ महिन्यांपूर्वी तो दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून उतरला होता. तेव्हा खुर्चीची सोय नव्हती.

मणका दुखावला, पाय रुसले. जीभ मात्र ठणठणीत. "मॅडम, हा निळा ज्यानं निवडला त्याला आधी बुडवा," ही त्याची पहिल्या दिवसाची सलामी.

छातीभर कोमट पाण्यात वजन निम्म्याहून कमी होतं आणि रुसलेले पाय थोडंफार ऐकतात. आज मोठ्या डॉक्टरांसमोर परीक्षा होती. दांडी सोडून मिनिटभर उभा राहिला तर हौद आणखी तीन महिने त्याचा, नाहीतर यादीतल्या पुढच्याचा. डॉक्टर फार दयाळू. 'नाही' म्हणतानाही हसायचे.

रंगाऱ्यानं तोड काढली होती. श्वास कोंडून छाती फुगवली की अंग आपोआप तरंगतं. पाय नुसते शोभेला. आठवडाभर तो असा 'उभा' होता. थेरपिस्ट मुलगी पोरगेली होती, बावळट नव्हती.

"काका, तुम्ही आणि गप्प? परीक्षेत मिनिटभर बोलत राहायचं. कोंडलेल्या श्वासानं बोलता येत नाही."

"तुमच्यापेक्षा माझी सासू बरी!"

आधार कसा द्यायचा हे शिकायला थेरपिस्टनं आज त्याच्या बायकोलाही पाण्यात उतरवलं होतं.

"अहो, पडू नका हं," बायको म्हणाली.

"वा! ही युक्ती मला परांचीवर सुचली नाही."

दांडी सुटली. घड्याळ सुरू झालं. रंगाऱ्यानं डॉक्टरांच्या भिंतींपासून सुरुवात केली: पोपडे, ओल, दोन हातांचा रंग एका हातात उरकणारा ठेकेदार. बोलता बोलता श्वास सुटला, अंग जड झालं, गुडघे लटपटले. चाळिसाव्या सेकंदाला भिंती संपल्या. जन्मात न आटलेलं बोलणं नेमकं आत्ता आटलं. डॉक्टरांनी अत्यंत दयाळूपणे पेनाचं टोपण काढलं.

"बोला, काका!"

त्यानं शेजारी बघितलं. आठ महिने बायको त्याला खालूनच दिसत होती: हनुवटी, नाकपुड्या आणि 'होईल सगळं ठीक' म्हणणारं तोंड. आज पहिल्यांदा ती वरून दिसली.

"अगं, इकडे ये. उजेडात. मान खाली घाल जरा."

"अहो, काय झालं?"

"हलू नकोस. काम बघतोय."

भिंत तपासताना तो ताठ व्हायचा, तसेच गुडघे हळूहळू ताठ झाले.

"झालं मिनिट! धरा दांडी!" मुलगी ओरडली. त्याला दांडीसाठी सवड नव्हती.

"भांगाला हा पांढरा हात कधी मारलास?" तो म्हणाला. "आणि घरात रंगारी असताना, त्याला न विचारता?"