मोठ्या बाबांनी कधी साइन आउट केलं नाही

मोठे बाबा गेले आणि आमचा कंप्यूटर फास्ट झाला.

वाचायला वाईट वाटतं, मला माहीत आहे. पण आज वर्ष झालं, आणि खरं तेच आहे.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर आयुष्य काढलं. रिटायर झाल्यावर प्लांटचं सेक्टर 10 चं क्वार्टर सोडून रिसालीला आमच्याकडे राहायला आले.

माझं शिक्षण दहावीत थांबलं. मी घरूनच लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो. लोकांचे आधार, मार्कशीट, सही, फोटो, सगळं माझ्या कंप्यूटरवर असतं. त्यातलं एक जरी बाहेर गेलं तर मोहल्ल्यात तोंड दाखवता येणार नाही.

म्हणून मी जपून असतो. आई म्हणते, शक्की.

ते जायच्या आधीच्या उन्हाळ्यात ब्राउझर लटकायला लागला. सकाळी ठीक. संध्याकाळी एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा.

मला वाटलं, कुणीतरी काहीतरी घातलंय.

पहिला संशय राकेशवर. माझा मामेभाऊ, कुम्हारीचा. पेन ड्राइव्ह लावून गाणी टाकून गेला होता.

"तूने क्या डाला है उसमें?"

"गाने, भाई. तेरे यहाँ चुराने लायक है क्या? लोगों की मार्कशीट?"

मार्कशीटचं त्याला कसं माहीत, हा नवा संशय.

मग शेजारी. वायफायचा पासवर्ड बदलला.

मग ब्राउझर. कॅशे साफ केली. एक्स्टेंशन एकेक बंद करून पाहिलं. व्हायरसचा स्कॅन लावला. शेवटी ब्राउझर काढून पुन्हा टाकला.

सकाळी फास्ट. संध्याकाळी परत तेच.

दुपारी मी लोकांचे कागद आणायला बाहेर जातो. म्हणजे जे होतं ते दुपारी होतं.

आणि घरातच होतं.

कीबोर्ड उलटा करून झटकला तर सुपारीचा चुरा पडला. सुपारी-तंबाखूचा खर्रा आमच्या घरी एकच माणूस खायचा.

मोठ्या बाबांना मी वेगळं अकाउंट बनवून दिलं होतं. माझ्या फाइलींना चुकून हात लागू नये म्हणून. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं, तर वापरणारे दोघे. समोर मी, आणि माझ्या मागे मोठे बाबा. त्यांचा ब्राउझर आतल्या आत चालूच, मेमरी खाऊन बसलेला.

मी इतके दिवस फक्त माझाच ब्राउझर धूत होतो.

पण म्हातारा माणूस दुपारी दार लोटून काय बघतो? नको नको ते मनात आलं. कुणी पेन्शनसाठी गोड बोलून फसवत असेल, तेही आलं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो.

ते स्क्रीनला नाक लावून बसले होते. एका बोटाने लिहीत होते.

"सविताची गाडी कुठे पोचली."

सविताताई त्यांची एकुलती एक मुलगी. गोंदियाला राहते, डोंगरगडला दवाखान्यात नर्स आहे. रोज रेल्वेने अप-डाउन. तिने आपल्या मर्जीने लग्न केलं तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. घरात तिचं नाव काढलं तरी मोठे बाबा ताटावरून उठायचे.

कंप्यूटरला सविता कोण ते काय माहीत. मग ते रेल्वेच्या पानावर जाऊन तिची गाडी शोधायचे. ते पान आपोआप रिफ्रेश होत राहतं. रोज नवा टॅब, जुना एकही बंद नाही. मी रात्री कंप्यूटर बंद केला तरी दुसऱ्या दुपारी ते सगळे जुने टॅब परत उघडून घ्यायचे.

"मोठे बाबा, हे बंद कावून नाही करत?"

दचकलेसुद्धा नाहीत.

"चालू मशीन बंद करून कोणी जाते का बे? पाळी संपली तरी पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडता येत नाई. मी उठलो का तू बसते. तुले चालू हालतमध्ये चार्ज देतो."

"मी रिलीव्हर?"

"मंग कोण? तुहा बाप?"

म्हणून ते साइन आउट करायचे नाहीत. 'स्विच यूजर' दाबून उठायचे.

"ताईला एक फोन करा ना."

"तू आपलं काम कर. आन तिले सांगू नको."

साइन आउट कसं करायचं ते मी दाखवलं. हो म्हणाले. केलं कधीच नाही.

मोठे बाबा गेले, तेराव्या दिवशी तेरवीला ताई आली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"माह्या बापानं मले एक फोन नाई केला," म्हणाली. "जिती आहे का मेली, इचारलं नाई."

मी तिला खुर्चीवर बसवलं. त्यांचं अकाउंट उघडलं. ब्राउझरने विचारलं, मागची पानं परत उघडायची का. हो केलं. तिच्या नावाचे टॅब भराभर उघडले, कंप्यूटरचा पंखा ओरडायला लागला.

"हे तूच करून ठेवलं. मले बरं वाटावं म्हणून."

शक्की आमचं सगळं खानदानच.

मी टॅबमागून टॅब दाखवत गेलो. सविताची गाडी कुठे पोचली. सविताची गाडी कुठे पोचली. मग एक आला, "सविताची गाडी आज उभी कावून आहे."

ताईने हिस्टरीत त्याची तारीख पाहिली.

"त्या दिवशी इंजिन फेल झालं होतं," म्हणाली. "जंगलात उभे होतो आमी."

मी टॅब बंद करायला माउस नेला.

"बंद नको करू," ती म्हणाली.

कंप्यूटर दुरुस्तीवाला म्हणतो, "पुराना यूजर हटा दो, भाई." मी मान हलवतो. हटवत नाही. तसाही त्याच्यावर माझा भरवसा नाही.

ताई आता पोचल्यावर मेसेज करते. मी मेसेजवर विश्वास ठेवत नाही. त्यांच्या अकाउंटमध्ये जाऊन गाडीचं पान बघतो.

मोठे बाबा, आज ताईची गाडी टाइमवर गोंदियाला लागली.

चार्ज मी घेतला आहे. आता तुम्ही जागा सोडा.

नमस्कार.